पहिला शब्द बाईचा

“मान नको, उत्तर दे.”

आक्काच्या तोंडचं हे वाक्य सायकलच्या कारखान्यात फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून रंगाऱ्यापर्यंत सगळ्यांना पाठ होतं. तिला पाहून कुणी खुर्ची सोडली, तर ती खुर्चीवर बसायची आणि बसता बसता हे ऐकवायची. कुणी म्हणालं, “आक्का, तुमच्यापुढे आम्ही काय बोलणार,” की तिच्या कपाळावरची शीर ताठ व्हायची. बोलणार नाहीस तर आलास कशाला? तोंड काय नुसतं चहा प्यायला दिलंय?

तिच्या माघारी तिला पणक्का म्हणत. तिची निम्मी वाक्यं ‘पण’नं सुरू व्हायची. ऊन फार आहे म्हणावं, तर “पण वारा आहे की.” नवा साहेब बरा आहे म्हणावं, तर “पण अजून पगाराचा दिवस यायचाय.” हे नाव तिला ठाऊक होतं. एकदा नळावर दोघी जणी ते घेऊन हसत होत्या, तर ही मागून आली आणि म्हणाली, “पण नुसतं आक्का म्हटलं असतं तर लक्षात राहिलं असतं का?”

चाकखात्यात तिचं आयुष्य गेलं. रिम, हब आणि तारा जोडून तयार झालेलं चाक तिच्यापुढं यायचं, ते लंगडत यायचं. ती ते स्टँडवर चढवायची, बोटानं फिरवायची आणि मान कलती करून बघत राहायची. कुठं डावीकडं झुकतंय, कुठं उजवीकडं पळतंय. मग हातातल्या छोट्या चावीनं ही तार जरा ओढ, ती जरा सोड. याला आउट काढणं म्हणतात. चाक सरळ झालं की ते फिरतंय हेच कळायचं नाही. हवेत एक रुपेरी रेघ तेवढी थरथरायची, आणि त्या रेघेकडं बघताना आक्काचा चेहरा असा निवायचा की जणू कुणी तिच्या डोक्यावरचं ओझंच उतरवून घेतलंय.

तिचा नवरा रंगखात्यात होता. दोघांचं कशावरही पटायचं नाही, आणि संसार मात्र सुखाचा झाला. जेवताना तो घास हातात धरून म्हणायचा, “खोटं! साफ खोटं!” मग ही ताट बाजूला सारून बसायची, आणि उष्टे हात वाळेपर्यंत दोघांची जुंपायची. बायकांनी संघटनेत यावं की नाही, मुलगी झाली असती तर तिला काय शिकवलं असतं, घरातलं काम कुणाचं, एक विषय त्यांनी सोडला नाही. पोरबाळ झालं नाही, त्यावरूनही भांडले आणि त्यातूनही उठले. कित्येकदा तो हरायचा. दुसऱ्या दिवशी भांडी घासताना म्हणायचा, “काल तू म्हणालीस ते बरोबर होतं. पण एक गोष्ट राहिली.” तो गेला तेव्हा बायकांच्या कामाच्या वेळांवरून दोघांचा वाद चालू होता. माणूस गेल्याचं दुःख तर होतंच. वाद अर्धा टाकून गेला याचा रागही आक्काला कित्येक वर्षं पुरला.

संघटनेची खोली टायरच्या गोदामावर होती. जिना चढताना रबराचा वास नाकात भरायचा आणि बैठक संपेपर्यंत तो कपड्यांत मुरायचा. पूर्वी तिथं बायका जिन्यालगत मागं बसत. पुरुष बोलत, बोलत, बोलत, आणि सगळे चपला घालायला लागले की कुणीतरी विचारायचं, “बायकांचं काही आहे का?” एका रविवारी आक्का उठली आणि तिनं जिन्याच्या वरच्याच पायरीवर बसकण मारली. म्हणाली, “आमचं ऐकल्याशिवाय खाली उतरून दाखवा.” तिला ओलांडून जायची कुणाची छाती झाली नाही. त्या दिवसापासून नियम झाला. कामगारांचे खटले फुकट लढणारी वकीलबाई तेव्हा नुकतीच संघटनेत आली होती. तिनं तो शब्दांत बसवला आणि रंगाऱ्यांनी लाल रंगानं भिंतीवर लिहिला: पहिला शब्द बाईचा. बाई बोलल्याशिवाय बैठक सुरू व्हायची नाही. लांबलांबच्या संघटनांचे लोक ती भिंत बघायला आले. आक्काची छाती तेव्हा अभिमानानं भरून आली होती, हे खोटं नाही.

पण गोम कळायला काही वर्षं गेली. बैठक सुरू झाली की सगळे तिच्याकडं बघायचे. ती उठून बोलायची. टाळ्या व्हायच्या. मग चिटणीस म्हणायचा, “आक्कांनी फार मोलाचा मुद्दा मांडला. आता पुढं जाऊ.” आणि पुढं जायचे ते असे जायचे की तिचा मुद्दा वाटेत कुठं पडला हे मागं वळून बघायलाही कुणी थांबायचं नाही. पुढचे एकमेकांना खोडायचे, एकमेकांवर चिडायचे, शेवटी काहीतरी ठरवायचे. तिला कुणी खोडायचं नाही. बाईच्या शब्दाला आडवं जायचं नाही, हे त्या भल्या माणसांनी मनाशी धरलं होतं. पहिला शब्द तिला दिला आणि शेवटचा शब्द कायमचा आपल्याकडं ठेवला, हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

आक्कानं एकदा खोड काढली. एका बैठकीत ती म्हणाली, “जादा वेळेचं काम एकानंही घेऊ नये, त्यात आपलं मरण आहे.” टाळ्या. पुढच्या बैठकीत म्हणाली, “जादा वेळेचं काम प्रत्येकानं घ्यावं, त्यातच आपलं भलं आहे.” टाळ्या. चिटणीस दोन्ही वेळा म्हणाला, “मोलाचा मुद्दा.” घरी येऊन ती हसली, मग हसता हसता तिला रडू फुटलं, आणि मग तिनं नवऱ्याच्या फोटोकडं बघून म्हटलं, “ऐकलंस? मी आता कधी चुकतच नाही!”

अशात कारखान्यात बातमी आली. चाकांचा आउट काढणारं यंत्र येणार होतं. चाकखातं बंद. तिथल्या बायकांना कुठं घालायचं, हे मालक ठरवणार, आणि त्याआधी संघटनेनं आपली मागणी द्यायची. मागणीचा ठराव तयार झाल्याचं आक्काला जेवणाच्या सुट्टीत कळलं, तेही कुणा तिसऱ्याकडून. बायकांसाठी वेगळा हॉल मागायचा होता. वर बाई पर्यवेक्षक, वेगळं दार, वेगळं स्वच्छतागृह. काम स्टिकर लावण्याचं आणि पॅकिंगचं.

आक्काच्या डोक्यात तिडीक गेली. तिच्या मते बायकांनी फ्रेमशेडमध्ये जायला हवं होतं. तिथं वेल्डिंग होतं, कसबाचं काम होतं, आणि कसब असलेल्या माणसाला कुणी सहज हलवत नाही. स्टिकर काय, उद्या यंत्रही लावेल. वेगळ्या हॉलमध्ये गेलेली बाई त्या हॉलबरोबरच बाहेर पडेल, हे तिला दिसत होतं. तिला एवढंच हवं होतं, की ठराव मालकाकडं जाण्याआधी या गोष्टीवर रविवारच्या बैठकीत खरोखरीचा वाद व्हावा. हरले तर हरले. पण कुणीतरी समोर उभं राहून म्हणावं, की आक्का, तू चुकतेस, आणि या या कारणानं चुकतेस.

ती तडक स्टोअरमध्ये गेली. चिटणीस तिथं नटबोल्ट वजन करून द्यायचा. माणूस सोन्यासारखा. घरी भांडी तो घासायचा, लेकीची वेणी तो घालायचा, बायकांवरचा विनोद कुणी केला तर उठून जायचा. त्याच्यासारखा पुरुष दिवा घेऊन शोधला तरी मिळाला नसता, आणि म्हणूनच आक्काची पंचाईत व्हायची. वाईट माणसाशी निदान भांडता येतं.

“चिटणीसा, वेगळ्या हॉलचं हे काय ऐकते मी?”

“बसा आक्का, आधी बसा. चहा सांगू?”

“चहा नको. बायकांनी फ्रेमशेडमध्ये का जायचं नाही, तेवढं सांग.”

“तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे.”

“अरे, मी अजून काही म्हटलंच नाही!”

चिटणीसानं तराजूतला मूठभर माल काढून पुन्हा घातला.

“तुला माझं पटतं का?”

“पटण्या न पटण्याचा प्रश्न नाही, आक्का. मी पुरुष. बायकांच्या प्रश्नावर मी बाईला कसं खोडणार? शोभतं का ते?”

“माझं चुकत असलं तर?”

“तुमचं कसं चुकेल?”

“मग ठराव माझ्या उलटा कसा लिहिलास रे?”

कान लाल झाले बिचाऱ्याचे. आक्कानं स्टूल ओढलं आणि ती त्याच्यासमोर बसली.

“हे बघ, तुझ्या मनात काहीतरी असेल ना? बायका शेडमध्ये गेल्या तर काय होईल असं तुला वाटतं? बोल. मी चावत नाही.”

“वकीलबाईंनी सगळ्या बाजू बघितल्यात.”

“मी तुला विचारते.”

“तुम्ही रविवारी मांडा ना. पहिला शब्द तुमचाच आहे.”

“पहिला नको. मला शेवटी बोलू दे. सगळ्यांचं ऐकून बोलेन.”

चिटणीसाचा चेहरा असा झाला की जणू तिनं भिंतच पाडायला सांगितली. “आक्का, काय बोलता! हा नियम तुम्हीच भांडून मिळवला. पहिला शब्द सोडायचा? लोक म्हणतील, संघटनेनं बायकांना पुन्हा मागं बसवलं.”

“मग मध्ये बोलू दे. कुणी मला तोडावं, मी कुणाला तोडावं...”

“तुम्हाला कोण तोडणार, आक्का?” तो मनापासून म्हणाला. त्यात एवढा आदर होता की आक्काला ते स्टूल उचलून आपटावंसं वाटलं.

संध्याकाळी ती वकीलबाईकडं गेली. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर तिची खोली होती. टेबलावर फायलींचा डोंगर, खिडकीत वाळलेलं रोप, पंख्याखाली उडू नयेत म्हणून कागदांवर ठेवलेला दगड. ही बाई कुणाला भीत नसे. मालकाच्या वकिलाला तिनं भर कोर्टात घाम फोडला होता. आक्काला वाटलं, ही तरी आपल्याला धुऊन काढील.

“आक्का, फ्रेमशेडमध्ये काय चालतं, माहीत आहे ना?” वकीलबाईनं विचारलं.

“फोरमनचं ऐकून आहे.”

“मग?”

“मग त्याला बाहेर काढा. घाण त्यानं करायची आणि घर बायकांनी सोडायचं?”

आक्का पुढं सरकून बसली. आता ही काहीतरी बोलेल. आता मजा येईल. वकीलबाईनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“हा वाद केव्हाच संपलाय, आक्का.”

“कुठं संपला? मी नव्हते तिथं.”

“परिषदांमध्ये. पुस्तकांमध्ये. किती वर्षं चर्चा झाली त्यावर.”

“मग काय ठरलं आणि का ठरलं, ते मला सांगा. मी ऐकायलाच आलेय.”

“आत्ता ती वेळ नाही. उद्या मालक तुमचंच वाक्य उचलेल. ‘बघा, यांचीच आक्का म्हणते वेगळा हॉल नको.’ आपल्या हातानं त्याला काठी द्यायची का?”

“त्याच्या भीतीनं आपण आपसातही बोलायचं नाही?”

वकीलबाईनं तिच्या हातावर हात ठेवला. आवाज मऊ केला. “तुमच्या पिढीला सोसायची सवय झालीय, आक्का. त्यात तुमचा दोष नाही.”

ते बोलणं म्हणजे दगडच होता. फक्त फूल टाकावं तशा हलक्या हातानं टाकलेला. आक्का जिना उतरली. रस्त्यावर येऊन ती एका दुकानाच्या फळीला टेकून उभी राहिली. तिनं मनाशी तपासून पाहिलं, की आपल्याला खरंच सोसायची सवय झालीय का? असेलही. पण ‘तू अशी आहेस म्हणून तसं म्हणतेस’ हे काही उत्तर झालं नाही. नवरा तिला हट्टी म्हणायचा, मूर्ख म्हणायचा, पण त्याच्या पाठोपाठ कारण असायचं. हिनं नुसतीच दया पाठवली होती.

घरी भाची भाजी चिरत होती. बहिणीची मुलगी. शिक्षण अर्धं सोडून आली होती, आक्काकडंच राहायची, आणि आउट काढायला आक्कानंच तिला हात धरून शिकवलं होतं. यंत्र यायचं ठरल्यावर चाकखात्यातल्या काही जणींना थोडे थोडे दिवस फ्रेमशेडमध्ये मदतीला पाठवत होते, त्यात तिचाही नंबर लागला होता. पोरगी अलीकडं अबोल झाली होती. आक्कानं चप्पल काढली तशी तोंडाची टकळी सुरू केली. चिटणीस असा, वकीलबाई तशी. शेडमध्ये आपण जायचंच, वेगळ्या हॉलमध्ये कोंडून घ्यायला आपण काय कोंबड्या आहोत?

“हो मावशी,” भाची म्हणाली.

“तू शीक वेल्डिंग. तुझा हात स्थिर आहे.”

“हो मावशी.”

सुरी फळीवर जरा जास्त जोरात आपटत होती. आक्काच्या कानाला ते कळलं, पण बोलण्याच्या भरात ती पुढं गेली. ही आपलीच आहे, एवढं तिनं धरून टाकलं.

रविवारी दुपारी खोली गच्च भरली. बायका आता पुढं बसत. चिटणीसानं घसा साफ केला, भिंतीवरच्या लाल अक्षरांकडं पाहिलं आणि म्हणाला, “आजचा विषय तुम्हाला ठाऊक आहे. नियमाप्रमाणं पहिला शब्द... आक्का.”

आक्का बसूनच राहिली.

“आक्का?”

“माझा शब्द मी मागं ठेवते. आधी तुम्ही सगळे बोला.”

खाली गोदामात कुणी टायर लोटला तो वर ऐकू आला. बाई बोलल्याशिवाय बैठक सुरू होत नाही. आणि बाई बोलत नाही. घोडं तिथंच अडलं.

“असं कसं, आक्का,” चिटणीस कळवळून म्हणाला. “दोन शब्द. नुसतं ‘सुरू करा’ म्हणा.”

“‘सुरू करा’ म्हणजे शब्द झाला की. मी नाही म्हणत.”

मागून एक वेल्डर ओरडला, “अहो, कुणीतरी बाई बोला की! घरी जायचंय!” त्याला बाजूच्यानं कोपर मारलं. चिटणीसानं दुसऱ्या बायकांकडं पाहिलं. त्यांनी आक्काकडं पाहिलं. कुणी पदर सारखा केला, कुणी नखं बघितली. इतक्या वर्षांत आक्काच बोलायची. बाकीच्यांना पहिल्या शब्दाची सवय नव्हती, आणि दुसऱ्या शब्दाचं तर कुणी त्यांना कधी विचारलंही नव्हतं. बाईचं मत एकदा आलं की सगळ्या बायकांचं आलं, असाच हिशेब होता. वकीलबाई ओठ आवळून बसली होती.

तेवढ्यात भाची उठली.

चिटणीसाचा जीव भांड्यात पडला. “वा! बोल, बोल बाळ. नव्या पिढीचा पहिला शब्द!”

भाचीनं पुढच्या खुर्चीची पाठ धरली होती. “मला वेगळा हॉल पाहिजे,” ती म्हणाली. “आणि मावशीचं चुकतंय.”

आक्कानं वळून तिच्याकडं पाहिलं.

“मावशी म्हणते शेडमध्ये जा, कसब शीक. शीक म्हणणं सोपं आहे. मी काही दिवस होते तिथं. फोरमन मागं येऊन उभा राहतो. काही करत नाही, नुसता उभा राहतो. इतक्या जवळ, की त्याचा श्वास मानेला लागतो. तक्रार काय करायची? श्वास घेतो म्हणून? हातात वेल्डिंगची पेटती बंदूक, डोळ्यांवर काच, समोरचं तेवढं दिसतं, मागचं नाही. माझा हात स्थिर आहे म्हणते मावशी. तिथं नाही राहत.” ती आक्काकडं वळली. “मावशीला कुणी हात लावत नाही, कारण ती मावशी आहे. सगळे उठून खुर्ची देतात तिला. आम्हाला कोण देतं?”

टाळी वाजवायला उचललेले हात हवेतच राहिले. आक्का उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहऱ्यावर चाक सरळ झाल्यावर यायची तशी एक चमकही होती. या खोलीत आज पहिल्यांदा कुणीतरी तिला आडवं गेलं होतं.

“घरी का नाही बोललीस?” तिनं विचारलं.

“घरी तू थांबलीस का?”

एक बाई खुदकन हसली. आक्काही हसली असती, पण तिला घाई होती.

“बरं. चुकलं ते. आता हे सांग, तू हॉलमध्ये गेलीस, तो फोरमन कुठं गेला? तिथंच ना? त्याला तर बक्षीसच मिळालं, सगळी शेड मोकळी!”

“मग काढा त्याला! मी नको म्हणतेय का? पण त्याला काढेपर्यंत मी काय करू? मान पुढं करून उभी राहू?”

“आणि हॉल यंत्रानं बंद झाला म्हणजे?”

“तेव्हा भांडू!”

“तेव्हा हातात कसब नसलेल्या बाईचं भांडण कोण ऐकेल गं?”

“मग शेडमध्ये आधी बाई फोरमन आणा! नुसतं जा जा काय करतेस!”

“हां!” आक्का जवळजवळ ओरडलीच. “हे बोल! हे ठरावात कुठं आहे?”

खोली जागी झाली होती. बायका पुढं सरकल्या होत्या. स्टिकर लावणारी एक आपल्या शेजारणीला म्हणत होती की ते खरंय, पण रात्रीच्या पाळीचं काय. तो मागचा वेल्डर उभा राहून म्हणाला, “फोरमनचं आम्हाला का नाही सांगितलं कुणी? आम्ही काय मेलो होतो?” तर दुसरी उसळून म्हणाली, “तुम्ही बघत नव्हता का? डोळ्यांवर काच तुमच्याही होती?” आक्काला वाटलं, आता. आता तार ताणली जातेय.

आणि चिटणीसानं टेबलावर हात आपटला. “शांतता! शांतता! मावशी-भाचीचं घरगुती आपण घरी...”

“घरगुती?” दोघी एकदम म्हणाल्या.

वकीलबाई उठली. “मैत्रिणींनो, आपसात नको. बाईनं बाईला भर सभेत खोटं पाडलं की बाहेर काय हसू होतं, तुम्हाला कल्पना नाही. आपण एक आहोत. हीच आपली ताकद.”

“पण आम्ही भांडत नव्हतो,” भाची म्हणाली. “आम्ही बोलत होतो.”

“भावना समजतात तुझ्या. पाच मिनिटं चहा घेऊ.”

चहाचे पेले फिरले. आक्कानं पेला हातात धरला आणि तो तसाच निवला. भाचीला वकीलबाईनं खिडकीशी नेलं होतं आणि ती तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. पोरीची मान ताठ होती.

चहा झाला तसा चिटणीसानं खिशातून कागद काढला. आधी लिहिलेलाच कागद होता तो. त्यात बाई फोरमन नव्हती, फोरमनला काढणं नव्हतं, आत्ता या खोलीत निघालेलं एक अक्षरही नव्हतं. वेगळा हॉल, वेगळं दार, स्टिकर आणि पॅकिंग. वाचून झाल्यावर तो म्हणाला, “आक्कांनी आणि त्यांच्या भाचीनं, दोघींनीही फार मोलाचे मुद्दे मांडले. त्या सगळ्या विचारांचा आदर राखून हा ठराव आपण एकमतानं मंजूर करतोय. आणि नव्या महिला विभागाच्या मानद अध्यक्ष म्हणून मी आक्कांचं नाव सुचवतो!”

टाळ्यांचा कडकडाट झाला.

आक्का टाळ्या ओसरेपर्यंत उभी राहिली. “एकमत कुठं आहे? माझं मत विरोधात आहे. हात मोजा.”

“आक्का, एवढं चांगलं वातावरण आहे...”

“हात मोजा, चिटणीस.”

“मोजा,” भाची खिडकीशी उभी राहून म्हणाली. “मी ठरावाच्या बाजूनं हात वर करीन. पण बाई फोरमनवरही मोजा.”

चिटणीस हसला. पोराला समजवावं तसं हसला. “अगं, तुझ्याच मनासारखं झालंय. तूच जिंकलीस. आता मोजायचं कशाला?”

“जिंकले तर मोजायला काय हरकत आहे?”

त्यानं वकीलबाईकडं पाहिलं. वकीलबाईनं मान हलवली, की नको. मागचा वेल्डर बसला. पुढं सरकलेल्या बायका पुन्हा खुर्चीला पाठ टेकून बसल्या. स्टिकरवाली आपली पिशवी चाचपू लागली. बघता बघता खोली पुन्हा पूर्वीसारखी झाली, सभ्य, प्रेमळ आणि बहिरी.

“मानद अध्यक्ष दुसरी कुणी शोधा,” आक्का म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. “मला तुम्ही चुकीची ठरवलं असतं तर मी उद्या तुमच्याबरोबर मालकाच्या दारात उभी राहिले असते. हरलेली माणसंही बरोबर येतात रे. पण तुम्ही मला हरवायलाही तयार नाही.”

“आक्का, तुम्ही आमच्या आईसारख्या...”

“आईचं तरी कोण ऐकतं?”

तिनं कोपऱ्यातली पिशवी घेतली. बसलेल्या माणसांमधून वाट काढताना प्रत्येकानं पाय आखडून घेतले, दोघं-तिघं तर उठून उभे राहिले. भाचीजवळ ती क्षणभर थांबली.

“तू राहा,” ती म्हणाली. “तुझं बोलून व्हायचंय अजून.”

“मावशी, पण—”

आक्काच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. तिनं पोरीच्या गालाला बोट लावलं आणि जिना उतरायला लागली.

खालच्या रस्त्यावर रविवारचं रिकामं ऊन होतं. गोदामाचं शटर अर्धं ओढलेलं, एक माणूस सायकलला हवा भरत होता. त्यानं हात वर करून “आक्का!” म्हटलं, तिनं ऐकलं नाही. पाठीत जरा वाकून, पिशवी या हातातून त्या हातात घेत, ती लोखंडाच्या दुकानावरून पुढं गेली, दवाखान्यावरून पुढं गेली. चाल नेहमीपेक्षा सावकाश होती.

वर खिडकीच्या एका झडपेशी चिटणीस उभा राहून बघत होता. हातात ठरावाचा कागद होता, आणि तिला हाक मारावी की नाही याचा तो विचार करत होता, तोवर ती कोपऱ्यापर्यंत पोचली. कुणीतरी त्याला पुढच्या विषयाची आठवण करून दिली, तसा तो वळला.

दुसऱ्या झडपेशी भाची उभी होती. हॉल बंद झाला तर, या मावशीच्या प्रश्नाचं उत्तर तिला नुकतंच सुचलं होतं आणि ते जिभेवर तसंच होतं. मागून दोघी-तिघी जणी तिचं अभिनंदन करायला आल्या होत्या. ती वळली नाही. आक्का कोपऱ्यावरून दिसेनाशी होईपर्यंत, आणि त्यानंतरही, ती त्या रिकाम्या रस्त्याकडं बघत राहिली.